दुसरा डाव पुन्हा

"यांची बोटं पटावर फिरत असतात ना, तेव्हा हे विचारच करत असतात," शिराळकर म्हणाले. "तो वेळ यांच्या घड्याळात धरायलाच हवा."

खोलीतल्या कुणाच्या तरी हातातली कपबशी वाजली. माझ्या डाव्या हाताला बसलेली माझी बायको मंदा खुर्चीत सरळ झाली. तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून मला ते कळलं.

"अहो शिराळकर, काय बोलताय हे!" संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब जवळजवळ ओरडलेच. "एक अंध माणूस आपल्याकडे पाहुणा म्हणून आलाय आणि तुम्ही सेकंदांचा हिशोब करताय?"

"मी प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलतोय," शिराळकर म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता, शेवटचं अक्षर तोडून टाकणारा. मला तो माणूस तिथल्या तिथे आवडेनासा झाला.

ही गोष्ट सत्याण्णव सालची. जगज्जेत्याला कॉम्प्युटरने हरवल्याची बातमी ताजी होती, आणि जो तो त्यावरच बोलत होता. कराडच्या बाजूला एक इंजिनियरिंग कॉलेज होतं. तिथल्या प्राध्यापक शिराळकरांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. कॉलेजच्या वार्षिक महोत्सवात जिल्ह्याच्या विजेत्याशी त्याचा दोन डावांचा सामना लावायचा असं ठरलं. पण विजेता त्याच दिवशी बंगलोरला स्पर्धेला निघाला होता, म्हणून त्यांनी उपविजेत्याला, म्हणजे मला बोलावलं. फोनवर बोलणाऱ्याला मला दिसत नसल्याचं माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. साताऱ्याला मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवत होतो. सातव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. दर वेळी काय सांगत बसायचं?

पण त्यांना नंतर कुठून तरी कळलं. त्या दिवशी सकाळी आम्ही फाटकातून आत शिरलो तर मंदा थबकली. "काय झालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. फलक लावलाय." "वाच की." तिने वाचलं नाही. मी पुन्हा म्हटल्यावर एका दमात वाचून टाकलं, "अंध बुद्धिबळपटू विरुद्ध कॉम्प्युटर."

"माझं नाव?"

"खाली आहे. 'श्री. धुमाळ', बारीक अक्षरात."

तर प्राचार्यांच्या खोलीत नियम ठरत होते. पंच म्हणून सांगलीहून लीलाताई घारपुरे आल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, शांत बोलायच्या, पण त्यांनी एकदा 'नाही' म्हटलं की पुढे कुणी बोलत नसे. जिल्ह्याच्या स्पर्धांमुळे त्या मला ओळखत होत्या. माझा पट वेगळा असतो हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक घरात एक भोक असतं आणि मोहऱ्याच्या बुडाची खुंटी त्यात बसते. काळी घरं किंचित उंच असतात, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर छोटं टोक असतं. प्रतिस्पर्धी आपल्या पटावर खेळतो, मी माझ्या. दोघांनी खेळी मोठ्याने सांगायची. मोहरा भोकातून उपसला की 'हात लावला' असं धरतात, नुसत्या चाचपण्याला हरकत नसते.

"हे बघा," लीलाताई म्हणाल्या, "तुमच्या यंत्रालाही हात नाहीत. तुमच्या विभागातल्या मोहिते मॅडम त्याच्यासाठी खेळ्या टाइप करणार, पडद्यावरची खेळी वाचणार, पटावर मोहरा हलवणार. तो वेळ यंत्राच्या घड्याळात धरू नये असं तुम्हीच लिहून दिलंय, शिराळकर."

"हो. कारण त्या वेळात यंत्र विचार करत नाही. हे करतात."

"मला तुमची खेळी कानाने ऐकून बोटांनी पटावर उतरवावी लागते," मी म्हणालो. "तेवढी होईपर्यंत माझं घड्याळ चालू नये. तुमच्या मॅडमना जेवढा वेळ, तेवढाच मला."

"त्या वेळात तुम्ही पुढचा विचार केलात तर?"

"करणारच. डोकं बंद करायचं बटण मला दिलेलं नाही."

लीलाताई हसल्या. शिराळकर हसले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच मी हरकत घेतोय."

शेवटी लीलाताईंनी दोघांना सारखाच वेळ दिला. मग आणखी वादावादी झाली. सुरुवातीच्या शेकडो प्रकारच्या खेळ्या यंत्राच्या पोटात साठवलेल्या होत्या. मी म्हटलं, मला पुस्तक उघडून खेळता येत नाही, आणि हे तर पुस्तक गिळूनच बसलंय. शिराळकर म्हणाले, "तुम्ही काय कमी पुस्तकं गिळलीत?" ते मला पटलं. मी तो मुद्दा सोडला आणि दुसरा धरला. "दोन डावांच्या मधे यंत्राला कुणी हात लावायचा नाही. पहिल्या डावात मी कसा खेळतो ते बघून तुम्ही त्यात फेरफार कराल, ते चालणार नाही."

"मान्य," शिराळकर ताबडतोब म्हणाले. "हात लावला तर तो डाव तुमचा."

लीलाताईंनी तसं लिहून घेतलं आणि दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं.

बाहेर पडताना मंदा पुटपुटली, "काय खडूस माणूस आहे हो!"

पहिला डाव मी हरलो. पांढरी मोहरी माझ्याकडे होती, सुरुवात बरी झाली होती. पण यंत्राशी खेळताना एक गोष्ट आधी लक्षात येत नाही. समोर श्वास नसतो. माणूस अडचणीत आला की खुर्ची कुरकुरते, घसा साफ केला जातो, पेन्सिल बोटांत फिरते. मी त्याच आवाजांवर अर्धा खेळायचो. इथे समोरून फक्त मोहिते मॅडमचा आवाज यायचा. "घोडा एफ पाच." "वजीर डी दोन." खेळी चांगली असो की वाईट, आवाज तोच. एका ठिकाणी मी जरा घाई केली, एक प्यादं गेलं, आणि त्या एका प्याद्यावर यंत्राने मला हळूहळू चेपत नेलं. जराही ढिलाई नाही. मी हार मानली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

सभागृह हळहळलं. ती हळहळ मला चांगली ओळखीची होती.

जेवणानंतर दुसरा डाव सुरू झाला. या वेळी काळी मोहरी माझी. मी सावध खेळत होतो, बरोबरी मिळाली तरी पुष्कळ असं मनाशी म्हणत होतो. आणि मध्यावर मोहिते मॅडमचा आवाज आला, "हत्ती ई सहा."

मी बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. तो हत्ती फुकट होता. पलीकडे काही सापळा आहे का ते सगळ्या बाजूंनी तपासलं, काही नव्हतं. मी हत्ती मारला. पुढच्या थोड्याच खेळ्यांत आणखी एक घोडा मिळाला आणि यंत्राचा राजा उघडा पडला. मी "शह आणि मात" म्हटलं तेव्हा टाळ्यांनी छप्पर खाली येतंय की काय असं वाटलं. कुणी तरी शिट्टी मारली. मंदाने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

खरं सांगतो, तो फुकटचा हत्ती मला खटकला होता. पण टाळ्यांच्या आवाजात माणसाला फार काही ऐकू येत नाही.

तात्यासाहेबांनी शाल घातली, नारळ हातात दिला, माइक घेतला. "एक डाव यंत्राचा, एक डाव माणसाचा! बरोबरी! कुणीही हरलं नाही!" पुन्हा टाळ्या. मग दृष्टी म्हणजे काय, मनाचे डोळे म्हणजे काय यावर ते बराच वेळ बोलले. मी नारळ मांडीवर धरून बसलो होतो आणि सुखात होतो.

समारंभ संपला. आम्ही रंगमंचामागच्या खोलीत चहा घेत होतो. मी, मंदा, लीलाताई आणि तात्यासाहेब. दार जोरात उघडलं.

"लीलाताई, दुसऱ्या डावाबद्दल सांगायचंय," शिराळकर म्हणाले. धावत आल्यासारखा त्यांचा श्वास लागला होता. "यंत्राची पातळी बदललेली आहे. सकाळी मी सहावर ठेवली होती. आत्ता काय चुकलं ते बघायला गेलो तर दोनवर आहे. दोनच्या पातळीवर ते पुढचं काही बघतच नाही. शाळेतली मुलं हरवतात त्याला."

त्यांच्या मागून रडवेला आवाज आला. मोहिते मॅडम होत्या. "सर, मी केलं. जेवणाच्या सुट्टीत. मला... मला सांगितलं होतं."

"मी सांगितलं," तात्यासाहेब म्हणाले. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "त्या पोरीला काही बोलू नका. पहिला डाव झाल्यावर लोकांची तोंडं बघितलीत? एवढ्या लांबून बोलावून त्या बिचाऱ्या माणसाला दोनदा हरवून घरी पाठवायचं? म्हटलं, एक डाव घेऊ द्या त्यांना. कुणाचं काय बिघडलं? लोक खूश, धुमाळ सर खूश, उद्या पेपरात फोटो येईल. शिराळकर, तुम्ही हे इथे येऊन सांगायची गरजच काय होती?"

बिचारा माणूस, म्हणजे मी, तिथेच बसलो होतो. माझे कान तापले. शाल अजून खांद्यावर होती, ती काढावी की ठेवावी कळेना. मंदा कुजबुजली, "चला, आपण घरी जाऊ. पाचची गाडी मिळेल."

"लीलाताई, नियम काय म्हणतो?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

लीलाताईंनी सकाळचा कागद काढला. "नियम म्हणतो, डावांच्या मधे यंत्राला हात लावला तर तो डाव तुमचा. यंत्र जोरकस केलं की कमजोर, असा भेद आपण केला नव्हता. तेव्हा नियमाने डाव तुमचाच. तुम्ही जिंकलात म्हणूनही तुमचा, आणि त्यांनी नियम मोडला म्हणूनही तुमचा."

"झालं तर मग!" तात्यासाहेब म्हणाले.

"मला तो डाव पुन्हा खेळायचाय," मी म्हणालो.

"अहो..." मंदा म्हणाली.

"सहाच्या पातळीवर. आत्ता."

"मी तसा हुकूम देऊ शकत नाही," लीलाताई म्हणाल्या. "निकाल लागलेला आहे. दोन्ही बाजू राजी असतील तरच."

"मी राजी आहे," शिराळकर म्हणाले. तेवढंच. ना 'माफ करा', ना 'वाईट वाटतं'. मला त्या क्षणी त्यांच्या तोंडून ते ऐकायचंही नव्हतं.

तात्यासाहेब म्हणाले, "तुमची मर्जी. मी भलं करायला गेलो." ते दुखावले होते आणि त्यांचं दुखावणं खोटं नव्हतं. दाराशी थांबून म्हणाले, "हॉल उघडा ठेवायला सांगतो."

सभागृह रिकामं झालं होतं. खुर्च्या ओढण्याचे, फलक उतरवण्याचे आवाज येत होते. पुढच्या रांगेत दहा-बारा माणसं कुतूहल म्हणून बसून राहिली. मोहिते मॅडमना शिराळकरांनी घरी पाठवलं नाही. म्हणाले, "बसा. तुम्हीच खेळ्या सांगा." मॅडमचा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर स्थिरावला.

या वेळी समोर सकाळचंच दगडी यंत्र होतं. पण आता मला त्याची सवय होऊ लागली होती. श्वास ऐकायचा प्रयत्न मी सोडून दिला आणि फक्त पटाकडे लक्ष दिलं. डाव गुंतागुंतीचा झाला, दोन्ही बाजूंनी राजावर हल्ले. माझ्या उंटाने त्याच्या घोड्याला खिळवून ठेवलं होतं. खेळी माझी होती. मी विचारात होतो आणि अचानक सभोवार 'अरे अरे' असा गलका झाला. कॉम्प्युटरजवळ काही तरी पी-पी वाजू लागलं, मग तेही थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"लाईट गेले," मंदा म्हणाली. "डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार आहे. हॉलला खिडक्याच नाहीत."

"यंत्र बंद पडलं," शिराळकर म्हणाले. "खेळ्या लिहिलेल्या आहेत, पुन्हा भरता येतील. लीलाताई, घड्याळ थांबवा."

"थांबवते. कुठे आहे घड्याळ? मला काही दिसत नाही."

आणि मला हसू फुटलं. सकाळपासून आवळून धरलेलं सगळं त्या हसण्यातून सुटलं. "लीलाताई, खेळी माझी आहे," मी म्हणालो. "घड्याळ चालू राहू द्या. माझे लाईट गेलेले नाहीत."

अंधारात क्षणभर कुणालाच कळेना की हसावं की नाही. पहिल्यांदा हसले ते शिराळकर. खो खो, अगदी पोरासारखे. मग सगळेच हसले.

घड्याळही माझंच होतं, काच नसलेलं, काटे बोटांनी चाचपता येणारं. माझी किती मिनिटं उरली आहेत ते मीच चाचपून सांगितलं. दिवसभर प्रत्येक गोष्टीला हरकत घेणाऱ्या शिराळकरांनी त्याला हरकत घेतली नाही. मी विचार केला, खेळी केली, मोठ्याने सांगितली आणि घड्याळ दाबलं.

"आता मात्र थांबवायला हवं," लीलाताई म्हणाल्या. "यंत्र खेळूच शकत नाही."

"थांबवा. पण एक अडचण आहे," शिराळकर म्हणाले. "लाईट येईपर्यंत यंत्र विचार करणार नाही. हे करतील. पट यांच्या बोटांखाली आहे."

पुढच्या रांगेतून कुणी तरी "अहो, जाऊ द्या की!" म्हणालं. पण या वेळी मला त्यांचा राग आला नाही. ते म्हणत होते ते खरंच होतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

"मी हात काढतो," मी म्हणालो. "आपण बाहेर जाऊन बसू. तुम्ही माझ्याशी बोलत राहा. बोलता बोलता मला एवढा गुंतागुंतीचा डाव नाही खेळता येत."

अंधारात त्यांना वाट सापडेना. मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला, सकाळी येताना मोजलेल्या पावलांच्या अंदाजाने त्यांना दारापर्यंत नेलं. बाहेर व्हरांड्यात ऊन होतं, ते तोंडावर लागलं. आम्ही पायरीवर बसलो. लीलाताई आणि मंदा थोड्या मागे उभ्या राहिल्या.

"बोला," मी म्हणालो.

"काय बोलू? मला गप्पा मारता येत नाहीत."

"मग उत्तर द्या. का सांगितलंत? कुणालाच कळलं नसतं."

ते म्हणाले, "तीन वर्षं मी हा प्रोग्रॅम लिहितोय. त्याला खऱ्या खेळाडूने हरवलेलं मला बघायचं होतं. कुठे कमी पडतो ते कळलं असतं. तुम्ही जिंकलात तेव्हा मी सगळ्यांत जास्त खूश होतो. समारंभ संपताच पळत गेलो काय चुकलं बघायला. आणि बघतो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "शिवाय तुम्ही तो डाव लोकांना दाखवला असता. अभिमानाने. चांगल्या खेळाडूंना. तो डाव वाईट होता हो, धुमाळ. आणि सकाळचा, हरलात तो, चांगला होता."

बोलायचं असं ठरलं होतं, पण जमेना.

मग मीच सांगू लागलो. कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते. माझ्याकडून हरलं की लोकांना पुण्य लागतं. शाळेतले शिक्षक माझ्याशी खेळताना मध्येच सोडून देतात आणि वर पाठ थोपटतात. एका स्पर्धेत माझ्यासमोरच्या खेळाडूने जिंकत आलेल्या स्थितीत बरोबरी देऊ केली, आणि बाहेर जाऊन मित्रांना सांगितलं, "जीव होईना." मी दाराआड होतो. माझे किती विजय खरे आणि किती दिलेले, याचा हिशोब मला आजवर लागलेला नाही.

शिराळकरांनी ऐकून घेतलं. सांत्वन वगैरे काही नाही. म्हणाले, "माझ्या यंत्रात दया लिहायला मला येत नाही. तेवढा एक फायदा आहे त्याच्याशी खेळण्यात."

आतून ओरडा आला, लाईट आले होते.

मोहिते मॅडमनी सगळ्या खेळ्या पुन्हा भरल्या. लीलाताईंनी त्या एकेक करून माझ्या पटाशी ताडून घेतल्या. डाव पुढे सुरू झाला आणि बराच चालला. माझी स्थिती वाईट नव्हती. पण एका जागी माझा घोडा पुढे न्यायचा की मागे घ्यायचा असा प्रश्न आला, मी तो मागे घेतला, आणि तिथून डाव घरंगळला. शेवटी यंत्राचं प्यादं वजीर होणार हे स्पष्ट झालं. मी राजा आडवा केला.

टाळ्या झाल्या नाहीत. कुणी हळहळलंही नाही. दहा-बारा माणसं होती ती गप्प बसून होती, चांगला डाव बघून झाल्यावर बसतात तशी.

शिराळकर माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसले. "घोडा मागे का घेतलात?" त्यांनी विचारलं. "तोपर्यंत यंत्र म्हणत होतं की डाव बरोबरीत आहे. मी पडदा बघत होतो. त्या खेळीनंतर आकडा घसरला."

आजवर मी हरलो की लोक म्हणत, "वा, काय झुंज दिलीत!" अमुक खेळी का केलीत असं कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं का ते. त्यांनी वाद घातला. मी मोहरे मागे नेऊन मांडले, त्यांनी त्यांच्या पटावर मांडले. लीलाताईही सामील झाल्या. मंदाने दोनदा गाडीची आठवण करून दिली, मग ती मोहिते मॅडमच्या शेजारी जाऊन बसली. त्या दोघींच्या हळू आवाजात काय काय गोष्टी झाल्या कुणास ठाऊक, पण निघताना मंदाने माझी शाल आणि नारळ मॅडमच्या ओटीत घालून टाकले होते.

त्या चर्चेत एक मजेची गोष्ट माझ्या लक्षात आली. यंत्र लिहिणारा हा माणूस स्वतः बुद्धिबळ अगदी बेताचं खेळत होता. दोन खेळ्यांपलीकडचं त्याला दिसतच नव्हतं. "तुम्ही दोनच्या पातळीवर आहात, शिराळकर," मी म्हणालो. ते म्हणाले, "म्हणून तर लिहायला घेतलं."

पाचची गाडी गेलीच. सातच्या गाडीत मंदा म्हणाली, "दोन्ही डाव हरलात आणि दात काढताय." मी म्हटलं, "हो." दुसरं काय सांगणार? त्या महिन्यातच मी पुण्याच्या खुल्या स्पर्धेत नाव घातलं. तिथे सोडून देणाऱ्यांच्या भीतीने जाणं मी टाळत आलो होतो. जाण्याआधी आयोजकांना फोन करून माझ्या पटाबद्दल, घड्याळाबद्दल, खेळी मोठ्याने सांगण्याबद्दल नियमच वाचून दाखवले. आवाज खाली करून 'जमलं तर बघा' असं या वेळी म्हणालो नाही. तिथे मी पाच डाव हरलो आणि चार जिंकलो. ते चार माझेच होते, कारण पहिल्या खेळीआधी मी प्रत्येकाला बजावलं होतं की तुम्ही सोडून दिलंत तर मला कळतं.

आता खिशातल्या मोबाइलमधलं बुद्धिबळ कुणालाही हरवतं. नियमांवरून भांडायची कुणाला गरज उरलेली नाही. शिराळकर निवृत्त झाले आणि साताऱ्यातच आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. दर गुरुवारी संध्याकाळी येतात. आम्ही दोन डाव खेळतो. त्यांचा खेळ होता तिथेच आहे.

मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. एकदा प्रयत्न केला होता, तर त्यांनी विषय बदलून पावसाबद्दल बोलायला सुरुवात केली. तेव्हापासून मी ते माझ्या पद्धतीने मानतो.

गेल्या गुरुवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. मंदाने शिरा केला होता. बशा ठेवताना ती माझ्या कानाशी वाकली. "अहो, आज एक डाव घेऊ द्या त्यांना. एवढ्या वर्षांत एकदा तरी."

शिराळकरांचे कान वयाच्या मानाने तिखट आहेत. "वहिनी," ते म्हणाले, "तसं झालं तर पुढच्या गुरुवारपासून मी यायचा नाही."

"तसं होणार नाही," मी म्हणालो आणि त्यांचा वजीर मारला.